तीनदा विचारलेला प्रश्न

सकाळी साडेनऊला प्रश्नकक्षात चहा आला, बिस्किटं आली, आकडा तेवढा यायचा होता. खाली सभागृहात दोनशे ऐंशी सदस्यांची महासभा त्या आकड्याची वाट पाहत बसली होती. पूर्वी सदस्य भाषणाची तयारी करून येत. आता हात हलवत येत आणि आकडा बघून मत बनवत. त्यामुळे कामकाज लवकर आटपायचं. आणि खरं सांगायचं तर पूर्वीची भाषणंही जीव टाकून ऐकावीत अशी नव्हती.

आकडा देणाऱ्या यंत्राचं नाव ‘अदमास’. उपग्रहांची छायाचित्रं, समुद्राच्या पाण्याचे नमुने, जहाजांच्या फेऱ्या, विजेचा वापर, वर्तमानपत्रं, सरकारी टिपणं, जे जे म्हणून कुठे नोंदलं जातं ते ते अदमास वाचत असे. आणि विचारलेली गोष्ट खरी असण्याची शक्यता शेकड्यात सांगत असे. सागरी महासंघाने हे यंत्र आणलं ते लाजेपोटी. बारा वर्षांपूर्वी एका शेजारी राजवटीची अस्त्रं काढून घ्यायला सैन्य गेलं होतं. अस्त्रं मिळाली नाहीत. मिळाला एक बिस्किटांचा कारखाना आणि बावीसशे प्रेतं. त्यानंतर कायदा झाला: अदमासचा आकडा नव्वदच्या वर असेल तरच महासभेने कारवाईला पाठिंबा द्यायचा, शत्रूला अठ्ठेचाळीस तासांची पूर्वसूचना द्यायची, आकडा पंचाण्णवच्या वर गेला तर मात्र सूचनेचीही गरज नाही. प्रश्न तीन सदस्यांच्या समितीने विचारायचा. किती वेळा विचारायचा, हे कायद्यात घालायचं राहून गेलं. कायदा करणाऱ्यांना वाटलं, एकदा उत्तर मिळाल्यावर पुन्हा कोण कशाला विचारील?

त्यांच्यात कोकणातलं कोणी नव्हतं.

समितीचे अध्यक्ष संदेश गुरव कोकणातल्या वडखोलचे. वय अठ्ठावन्न, पोटाचा त्रास, आणि सव्वीस वर्षांच्या राजकारणात एकही शत्रू नाही. या शेवटच्या गुणामुळेच त्यांना अध्यक्ष केलं होतं. समितीचे दुसरे सदस्य नेमके बैठकीच्या वेळी आजारी पडत आणि तिसरे दर बैठकीला आदल्या दिवशीच सही करून ठेवत. म्हणजे समिती म्हणजे संदेशच.

आजचा प्रश्न तारवा बेटाचा होता. तारव्यावर सत्ता गाजवणारा सेनानी सज्जन आहे, असं त्याच्या आईनेही कधी म्हटलं नसेल. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गस्ती नौकेने महासंघाचे अकरा मच्छीमार मारले होते. आता तो म्हणे रोगजंतूंचं अस्त्र करत होता. पुरावा म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरच्या पोलादी टाक्या. शीतयंत्रं लावलेल्या, रात्रंदिवस वीज खाणाऱ्या.

त्यातल्या निदान चाळीस टाक्या संदेशना ठाऊक होत्या. तिथे कोळंबीचं बीज तयार होत असे. बीज केंद्राचा मुकादम बाळा तांडेल हा त्यांचा शाळूसोबती, आणि त्याच्यासकट तिथली चौसष्ट माणसं सगळी वडखोलची. त्या चौसष्टांची शिफारसपत्रं संदेशनीच दिली होती. त्याबद्दल गावाने त्यांचा सत्कार केला होता. शाल अजून कपाटात होती.

“विचारू, सर?” अदमास चालवणारी स्वरा पेडणेकर म्हणाली. तिशीतली, चष्म्याआडून जगाकडे जरा रागानेच बघणारी.

“विचारा. तारवा बेटावर रोगजंतूंचं अस्त्र आहे का?”

पडद्यावर आकडा उमटला. एक्केचाळीस.

दाराशी संरक्षणमंत्री मृदुला सरनोबत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा लग्नात वऱ्हाडाची गाडी चुकावी तसा झाला. पाठिंब्याचा ठराव छापून तयार होता. आकड्याची जागा तेवढी कोरी होती.

संदेशना हायसं वाटलं. इथेच त्यांनी उठायला हवं होतं.

पण ते गुरवाच्या घरातले होते. त्यांचे वडील गावच्या देवळात कौल लावत. देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होय आणि डावी पडली तर नाही. एका कौलावर वडील कधी थांबले नाहीत. जमिनीचा वाद असो, सोयरीक असो, कौल तीनदा. ‘देव खोटा बोलना नाय,’ ते म्हणत, ‘पण एकदा बोललो तर आपल्याक ऐकूक इला नसात.’ संदेशनी सव्वीस वर्षांत प्रत्येक निर्णय असाच तीनदा तपासून घेतला होता. त्यांचा प्रामाणिकपणा म्हणतात तो मुळात हाच.

“पुन्हा विचारा,” ते म्हणाले. “तोच प्रश्न. तीनदा झालं की बोलायला जागा नको.”

“सर, यंत्र आहे. तेच उत्तर देईल.”

“मग द्यावं की.”

स्वराने विचारलं. अठ्ठावन्न.

सरनोबतबाई दारातून आत आल्या.

“असं कसं?” संदेश म्हणाले. “तिसऱ्यांदा घ्या.”

चौऱ्याहत्तर.

“मधल्या पाच मिनिटांत तारव्यात काही घडलं का?”

“काहीच नाही. एक बोट सुटली. खोबऱ्याची.”

“मग काहीतरी बिघाड आहे. पुन्हा विचारून बघा.”

“सर, थांबा, मला आधी कारणं…”

“अहो, विचारा म्हणतो ना!”

एक्क्याण्णव.

मग सरनोबतबाईंनी कपातला उरलेला चहा संपवला, खिशातून पेन काढलं आणि ठरावातली कोरी जागा भरली. “गुरवसाहेब,” त्या म्हणाल्या, “लोक म्हणत होते, मऊ माणूस आहे. मी म्हटलं, मऊ माणूसच शेवटी खणून काढतो.”

त्या गेल्यावर स्वराने कारणांची यादी उघडली. अदमास प्रत्येक आकड्यामागची कारणं वजनानुसार लावून देत असे. ती वाचायची पद्धत नव्हती, एवढंच. तिने पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढला.

“माहिती नवीन काहीच आलेली नाही, सर. नवीन आहेत ते तुमचे प्रश्न.”

“म्हणजे?”

“अदमास सगळ्या सरकारी नोंदी वाचतो. आपली बैठक ही पण सरकारी नोंदच. अध्यक्ष तेच पुन्हा पुन्हा विचारतायत, म्हणजे त्यांच्या हातात आपल्याकडे नसलेलं काहीतरी असणार, असं त्याने धरलं. हे बघा: ‘चार वेळा विचारणा. विचारणाऱ्याची विश्वासार्हता: अत्युच्च.’”

संदेशनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

“एखाद्या बनेल माणसाने शंभरदा विचारलं असतं,” स्वरा हळू आवाजात म्हणाली, “तरी आकडा जागचा हलला नसता.”

“आता सांगा ना त्याला, की मला काही ठाऊक नाही.”

“मी सांगून उपयोग नाही. सभागृहात सांगा. तिथली नोंद तो सगळ्यात जड धरतो.”

संदेश जिने उतरून धावत खाली गेले. पोटावर हात धरून धावणारा अध्यक्ष महासभेने पहिल्यांदाच पाहिला. सभापतींनी त्यांना लगेच वेळ दिला. एकही शत्रू नसलेल्या माणसाला वेळ मिळतो. सभापतींच्या डोक्यावर मोठ्या पाटीवर, नवी नोंद आली की आपोआप बदलणारा, आकडा होता: एक्क्याण्णव.

“सभापती महोदय, हा आकडा तारव्याचा नाही. माझा आहे,” ते म्हणाले. “मी सवयीने चारदा विचारलं, म्हणून तो वाढला. पहिलं उत्तर एक्केचाळीस होतं. त्या टाक्यांत कोळंबीचं बीज आहे. मी स्वतः पाहिलंय. माझ्या गावची चौसष्ट माणसं तिथे आहेत हो!”

मागच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं, “गुरवसाहेब, पाटी बघा!”

पाटीवर ब्याण्णव झालं होतं. मग त्र्याण्णव.

“हे काय चाललंय?”

उत्तर सरनोबतबाईंनी दिलं. त्यांनी कारणांची यादी मागवली होती. त्या दिवशी ती वाचणाऱ्या त्या दुसऱ्याच. “‘अध्यक्षांची अचानक माघार,’” त्यांनी वाचून दाखवलं. “‘चौसष्ट निकटवर्तीय शत्रूच्या ताब्यात. दडपणाची शक्यता मोठी.’ सभापती महोदय, गुरवसाहेबांच्या वेदना सभागृह समजून घेईल. पण ज्याने प्रामाणिक माणसाला असं बोलायला भाग पाडलं, त्याच्या हातात अस्त्र राहू द्यायचं का?”

बाकं वाजली. विरोधी पक्षाचीही वाजली. विरोधी पक्षनेते नंतर वार्ताहरांना म्हणाले, आमचा विरोध तत्त्वाचा होता, पण आकड्याला विरोध कसा करणार? दोनशे एकोणऐंशी विरुद्ध एक, असा ठराव मंजूर झाला. पाटी चौऱ्याण्णववर स्थिरावली. कोणीतरी संदेशना पाण्याचा पेला दिला, आणि तो देणाराही बाक वाजवून आलेला होता.

दुपारी दीड वाजता ते प्रश्नकक्षात परत आले. पूर्वसूचना संध्याकाळी सहाला जायची होती. सूचना मिळताच सेनानी आधी बंदरं बंद करील, हे सांगायला यंत्र लागत नव्हतं. म्हणजे बेटावरच्या माणसांनी निघायचं तर आताच. पण चौसष्ट माणसांनी एकाच दुपारी बोटीची तिकिटं काढली, तर अदमास ती वाचणार होता. चौऱ्याण्णव आणि पंचाण्णव यांच्यामध्ये तेवढीच जागा उरली होती; पंचाण्णव ओलांडलं की पूर्वसूचनाही नाही, हल्ला लगेच.

फोन वाजला. बाळा होता. मागे पंपांचा घरघर आवाज.

“संदेशा, हय सगळे घाबारलेहत रे. बातमेत काय काय दाखवतत. तू थयसरच आसस मां? आमी येवचा काय रवाचा?”

यायचं की राहायचं: संदेशनी फोन दुसऱ्या कानाला लावला. स्वरा त्यांच्याकडे बघत होती. फोनही नोंदला जातो, हे तिने सांगायची गरज नव्हती.

“आयकतस मां? येवचा काय रवाचा?”

वडिलांच्या हयातीत असा एकच दिवस आला होता, की तासभर उभं राहूनही एकही कळी पडली नाही. माणसं ताटकळली होती. वडिलांनी शेवटी हात जोडले आणि देवाकडे पाठ फिरवून लोकांना म्हणाले, ‘आज देव बोलना नाय. घराक जावा.’ लहानपणी संदेशना ती वडिलांची हार वाटली होती.

“मेल्या, तिसऱ्यांदा इचारतंय,” बाळा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “काय ता एकदा सांगून टाक.”

“घराक या,” संदेश म्हणाले. “सगळ्यांका घेवन ये. आजच्या बोटीन.”

पलीकडे बाळाने फोनवर हात ठेवून कुणाला तरी हाक मारली. पंप बंद झाले. चाळीस टाक्यांची घरघर थांबल्यावर किती शांत वाटतं, हे संदेशना पहिल्यांदाच कळलं. स्वराच्या पडद्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग बाळाचा आवाज पुन्हा आला, अगदी जवळून, दबका.

“संदेशा, तू कधी खोटा बोललस नाय. म्हणजे हय खराच काय तरी आसा?”