हा, हा आणि तो

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली आणि दिवा गेला. बाहेर पाऊस होता... ना धड थांबणारा, ना जोर धरणारा, नुसता भिंतींना बुरशी आणणारा. मी खाली फतकल मारली, मोबाइलचा उजेड पाडला आणि पुस्तक उघडलं. रडणाऱ्यांतली मी नाही. रडून दारं उघडत असती तर मी केव्हाच घराबाहेर पडले असते.

बऱ्याच वेळानं दार फाकलं. माझ्या चपलांच्या उंचीवर एक चेहरा उगवला. गालावर ग्रीस.

"ताई, उडी मारा. मी धरतो."

"ताई म्हणायचं नाही. आणि धरायचं तर मुळीच नाही."

"बरं. मग पडा."

मी उडी मारली. त्यानं शब्द पाळला — मला धरलं नाही, पुस्तक तेवढं झेललं. माझा गुडघा फुटला.

"ही कोणती भाषा?" पानं उलटत त्यानं विचारलं.

"प्राचीन ग्रीक."

"कोण बोलतं?"

"कोणी नाही. सगळे मेले."

"मग भांडता कोणाशी?"

मला हसू आलं. दादाच्या घरी राहायला आल्यापासून पहिल्यांदा.

आई-बाबा गेले आणि दादानं माझं कॉलेज बंद केलं, मला कवळ्यांच्या कारखान्यात चिकटवलं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या हसण्यासाठी दात बसवते. ग्रीकचं व्याकरण रद्दीत मिळालं. "ह्याचा उपयोग काय?" असं दादा विचारतो. काही नाही! म्हणूनच शिकते. माझ्या उपयोगाचं जे जे होतं, ते सगळं दुसऱ्यांच्या कामी आलं.

लिफ्टची दुरुस्ती लांबली. मी कामावरून आले की तो पाचव्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर डबा उघडून बसलेला असायचा. मी पायरीवर टेकायचे. एकदा त्याच्या हातातला पाना घेऊन मी त्याला शिकवलं.

"आपल्याकडे 'हा' आणि 'तो', संपलं. ग्रीकांकडे तीन. माझ्याजवळचा पाना — होदे. तुझ्याजवळचा — हूतोस. दोघांपासून लांबचा — एकेइनोस."

"तुझ्याजवळचा म्हणालात..."

"उदाहरण आहे ते."

"मग उदाहरण चालू ठेव."

मी पान्याकडे बघत राहिले. कान तापले होते.

"होदे म्हणजे होऊ दे," तो बोटं मोडत पाठ करू लागला. "हूतोस म्हणजे होतोस. आणि तिसरा... एकेइनोस... एकटा, नुसता."

"असं पाठ करतात का कुठे!"

"मी करतो. बरं, पाना दोघांनी धरला तर?" त्यानं दुसरं टोक पकडलं. सोडलं नाही.

"पुस्तकात नाहीये," मी म्हणाले. मीही सोडला नाही.

मग डॉक्टर मध्ये आला. दातांचा डॉक्टर, ज्याच्या कवळ्या मी घडवते तो. त्यानं मला मागणी घातली. घरात कारागीर फुकट, अजून काय हवं! दादा खूश. रविवारी शब्द द्यायचा ठरलं. मला विचारलं नाही, कळवलं.

"हे म्हणतात, स्थळ चांगलंय," वहिनी भाजी चिरता चिरता म्हणाली. "तूसुद्धा आता 'हे' म्हणायची सवय कर."

हे! त्या डॉक्टरला 'हे' म्हणायचं? इतका जवळचा शब्द, आणि तो त्या माणसाला?

शनिवारी मी आले तेव्हा वळणावरचा दिवा लागलेला होता. लिफ्ट गुरगुरत वर-खाली होत होती. तो अवजारं भरत होता.

"झाली?"

"झाली. उद्या दुसऱ्या गावाला. तिथली दोन वर्षं बंद आहे." तो माझ्याकडे बघेना. "उद्यापासून मी एकेइनोस."

"कोणी सांगितलं?"

"अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे, उद्या शब्द देणार म्हणून. तुझा डॉक्टर हसला की कवळी दिसते, की खरे दात?"

"माझा डॉक्टर? थोबाड फोडीन."

तेवढ्यात लिफ्ट पाचव्यावर थांबली. दार सरकलं. आत दादा आणि वहिनी. दादानं माझ्याकडे पाहिलंच नाही. रागावला की तो असाच. समोर उभ्या माणसाला लांब ढकलतो.

"तिला विचार," तो वहिनीला म्हणाला, "तो कोण आहे."

'तो' माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

"मी कोणी नाही, साहेब," हा पटकन म्हणाला. "लिफ्टवाला. काम झालं, निघतोच."

माझं डोकं फिरलं. दादावर नाही, ह्याच्यावर! कोणी नाही? रोज माझ्याकडून मेलेली भाषा शिकलास, आणि जिवंत माणसांसमोर कोणी नाही? त्याच्या हातात पाना होता. मी दुसरं टोक घट्ट धरलं.

"सोड," तो पुटपुटला.

"नाही. वहिनी, दादाला सांग. हा."

"हा म्हणजे? अगं, हे काय विचारतायत..."

"तुझे जसे हे, तसा माझा हा."

वहिनीनं पदर तोंडाशी नेला. घाबरून की हसू लपवायला, देव जाणे. दादाचं बोट लिफ्टच्या बटणावर होतं.

"तिला सांग," तो म्हणाला, "आजपासून ती..."

पुढचं त्याला म्हणवेना. मला शब्द ठाऊक होता. एकेइने — एकेइनोसचं स्त्रीलिंग, लांबची. दार सरकलं आणि नीट दुरुस्त झालेली लिफ्ट माझ्या माणसांना घेऊन वर गेली. वर घराच्या दाराची कडी आतून वाजली. मी ऐकली. हुंदका आला तो आलाच... कधीतरी यायचाच होता.

आम्ही जिना उतरू लागलो. बाहेर तोच मरगळलेला पाऊस. माझ्याकडे छत्री नाही, कपडे नाहीत, पुस्तकही वरच राहिलं.

"दोघांनी धरलेल्याला काय म्हणतात, सापडलं?" त्यानं हळूच विचारलं.

"ग्रीकमध्ये नाही. मराठीत आहे. तुझ्याजवळचाही हा, माझ्याजवळचाही हा. इतके दिवस आपल्या भाषेला मी कंजूष समजत होते."

खालचं दार उघडलं. गार वारा आत घुसला.

"आणि आता?" तो म्हणाला. "परवडेल तुला? माझी खोली गळते. आणि मी... माझं तुझ्यावर... म्हणजे..."

"होदे," मी म्हणाले.

त्यानं बरोबर ऐकलं.

पान्याचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. तसेच भिजत निघालो.