पलटलेल्या टँकरचं डिझेल

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर सोडून द्या. मला कुणाशी वाद घालायचा नाही.

भूतबित मी मानत नव्हतो. आजही चारचौघांत मानतो म्हणायला जीभ वळत नाही. पण हे लिहिताना मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटतीय. इतकी, की गावाचं नावसुद्धा सांगणार नाही. येरमाळ्याच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत, एवढंच समजा.

माझं नाव मल्हार. हायवेला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे.

गेल्या वर्षीचा मे महिना. आणि रात्र नव्हती बरं का. टळटळीत दुपार होती. भुतं रात्रीच येतात हे कुणी सांगितलं तुम्हाला?

व्यंकटदाजी टिपर घेऊन आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अयोध्याअक्काचे मालक. मुरूम-खडी वाहतात. टिपर गॅरेजच्या दारात आला तोच धापा टाकत, आणि बंद पडला.

"मल्हार, बघ रं बाबा हिला काय झालंय. रिकामी असून चढ चढंना."

"डिझेल पोचत नसंल पुढं. बघतो. तुम्ही बसा सावलीला."

दाजी बसले. पण त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "गावात एक म्हातारी फिरतीय सकाळपासनं. दारोदार पाणी मागती. पण पीत न्हाय. निस्ती बायांसंगं बोलती, न पुढं जाती."

मी लक्ष दिलं नाही. फिल्टरच्या पुढं डिझेलचा दाब मोजायचा गेज जोडला, गाडी चालू केली.

काटा वर येईना.

नवा फिल्टर टाकला. तेच. पाइपात हवा शिरली असंल म्हणून बोल्ट सैल करून हातानं पंप मारला. एक बुडबुडा नाही. पाइप काढून हवा मारली, साफ होता. टाकीचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं. तेच.

माझं डोकं तापायला लागलं. एवढी वर्षं हेच करतोय, आणि सख्ख्या दाजींच्या गाडीनं माझी शोभा करावी?

मग आमची शेवटची तपासणी केली. टाकीचा पाइप सोडवला आणि माझ्या गॅरेजमधल्या डिझेलच्या कॅनमध्ये बुडवला.

काटा झटक्यात जागेवर आला. इंजिन कसं गोड वाजायला लागलं!

म्हणजे पंप चांगला. दोष टाकीत. मी टाकीत हात घातला, तळाची जाळी काढून बघितली. लख्ख होती. मग टाकीतलंच थोडं डिझेल दुसऱ्या धुतलेल्या कॅनमध्ये घेतलं आणि पाइप त्यात सोडला.

काटा खाली.

काचेच्या बाटलीत ते डिझेल भरून उन्हात धरलं. ना पाणी, ना गाळ, ना भेसळीचा वास. इतकं स्वच्छ डिझेल मी क्वचित बघितलं असंल.

"दाजी, डिझेल कुठनं भरलं?"

दाजी रस्त्याकडं बघत बसले.

पाइप परत टाकीला जोडला, दाजींना केबिनमध्ये बसवून इंजिन चालू करायला लावलं आणि मी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक फीड पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली. टाकीतलं डिझेल ओढून पुढं ढकलतो तो हा पंप. डॉक्टरच्या नळीसारखं आतलं सगळं ऐकू येतं.

आधी पंपाची रोजची टिकटिक.

मग तिच्या मागं दुसरंच काहीतरी...

ठक्... ठक् ठक्...

पत्र्यावर तळहात आपटल्यासारखं.

मी हातानं खूण केली, दाजींनी इंजिन बंद केलं. पंप थांबला. सगळं शांत झालं. रस्त्यावर गाडी नाही, झाडावर कावळा नाही.

कानात मात्र आवाज चालूच होता.

ठक्... ठक् ठक्...

आणि मग एक माणूस बोलला. लांबून, घसा कोरडा पडल्यावर बोलावं तसा.

"पाणी... पाणी द्या की कुणीतरी..."

हात मागं घ्यायचा होता. पण स्क्रूड्रायव्हर कानापासून निघेना. कारण त्याच्यामागनं अजून एक आवाज आला. बाईचा.

"थांबा ओ दादा. एवढा कॅन भरून घेऊ द्या."

पहिला आवाज मी ओळखत नव्हतो.

दुसरा ओळखत होतो. आई गेल्यावर ह्याच आवाजानं मला जेवायला हाका मारल्या होत्या. तो माझ्या अक्काचा आवाज होता.

स्क्रूड्रायव्हर फेकून मी दाजींना केबिनमधनं खाली ओढलं, त्यांची गचांडी धरली. थोरल्या माणसाची! त्याचीही लाज वाटते आता.

"कुठलं डिझेल हाय हे? बोला!"

दाजी खाली मान घालून म्हणाले, "त्या टँकरचं."

आठवड्यापूर्वी वळणावर डिझेलचा टँकर पलटला होता. ड्रायव्हर जागेवरच गेला, असं सगळे सांगत होते. मीही ऐकून हळहळलो होतो. लोकांनी कॅन, घागरी, बादल्या भरून डिझेल नेलं हेही ऐकलं होतं. त्यावर हसलो होतो.

"सगळं गाव गेलतं, मल्हार. आमी एकटंच न्हाय."

"ड्रायव्हर जागेवर गेला होता का?"

दाजींनी माझा हात झटकला.

"दाजी, तो जिवंत होता का?"

"मला काय इचारतू? मी कॅन गाडीत ठिवत हुतो. अयोध्या हुती केबिनच्या बाजूला."

मोटारसायकल काढली आणि दाजींना मागं बसवून अक्काच्या घरी गेलो. अक्का ज्वारी निवडत बसली होती. माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. सूप बाजूला ठेवलं तिनं.

"त्यो बोलत हुता का, अक्का?"

"व्हय," अक्का म्हणाली. "काच वाजवत हुता. पाय अडकलं हुतं त्याचं. म्या म्हणलं, कॅन भरला की देते पाणी. सगळी ढकलाढकली चालली हुती रं, नंबर गेला असता माझा. कॅन भरला, घरी पळाले, तांब्या घेऊन परत गेले. खरंच गेले, मल्हार. तुझी आण."

"मग?"

"मग त्यो काच वाजवत नव्हता."

ती रडली नाही. मला रडू आलं. ही बाई वाटसरूला भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही. हिचंच जर असं, तर बाकीच्यांना काय बोलायचं? आणि मी तिथं असतो तर? मीच मोठा कॅन घेऊन पुढं घुसलो असतो. गॅरेजला तर डिझेल बारा महिने लागतं.

तेवढ्यात दाराशी सावली पडली.

"पाणी मिळंल का, बाई?"

एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती, पायांवर धूळ. दाजींनी सांगितलेली हीच ती.

"मी लक्ष्मम्मा," ती म्हणाली. "बिदरकडची. टँकरवर होता तो बंडप्पा माझा लेक. अडकला होता, तवा मला फोन लावला त्यानं. चालूच राहिला फोन. मी सगळं ऐकलं, लेकरा. कॅन वाजलेले ऐकले. लोक हसलेले ऐकले. आणि एक बाई बोलली, ती ऐकली. आवाजावरनं तिला शोधतीय."

दाजी भिंतीला टेकले.

"पोलिसात न्हाय जायचं मला," म्हातारी म्हणाली. "तिला निस्तं इचारायचंय. नंतर पाणी दिलं का त्याला? तेवढं कळलं की मी जाते. झोप लागत न्हाय मला."

एवढंच मागणं होतं तिचं. एका वाक्याचं.

अक्का उठली. माठातलं पाणी तांब्यात घेतलं, दारात आली, तांब्या पुढं केला. तिचे ओठ हलले. ती बोलणार होती. देवाशप्पथ सांगतो, ती खरं सांगणार होती.

आणि मी मधी पडलो.

"आमची अक्का मुकी हाय, मावशी. जन्मापासनं."

का बोललो? गाव काय म्हणंल, पोलीस येतील, अक्काचं नाव पेपरात येईल... सगळं एका दमात डोक्यात आलं आणि तोंडातनं ते निघून गेलं.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून विसरता येत नाही.

म्हातारीनं तांब्या घेतला, पण प्यायली नाही. खाली ठेवला. "असं व्हय," म्हणाली. "बिचारी." आणि पुढच्या घराकडं चालायला लागली.

अक्का माझ्याकडं वळून काहीतरी म्हणायला गेली.

तोंड उघडलं...

आवाज आला नाही.

आधी वाटलं, धक्का बसलाय, येईल थोड्या वेळानं. संध्याकाळ झाली. दुसरा दिवस उजाडला. अक्का बोलेना. सोलापूरला घशाच्या डॉक्टरला दाखवलं. घशात नळी घालून बघितलं. म्हणाले, सगळं ठीक आहे, बोलायला पाहिजे. येडेश्वरीला नारळ फोडला. काही फरक नाही.

दाजींच्या टिपरची टाकी रिकामी करून मी ते डिझेल माळावर खड्ड्यात ओतलं. पंपावरचं भरलं. गाडी आता मस्त पळते. पण दाजी ती चालवत नाहीत, ड्रायव्हर ठेवलाय.

दिवाळी झाल्यावर एकदा अक्का पिशवी भरून माझ्या दारात आली. बिदरच्या दिशेनं बोट केलं, आणि मग माझ्या तोंडाकडं बोट केलं. मला समजलं. तिला बोलता येत नव्हतं, तिच्या वतीनं मी बोलायचं होतं.

मला नाही म्हणता आलं नाही. एक चारचाकी मागून आणली, विचारत विचारत गाव सापडलं, घर सापडलं. लक्ष्मम्मा ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. एकटीच. अक्कानं जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं, ते उचललंच नाही. खांदे हलत होते, आवाज नव्हता.

"काय झालं हिला?" लक्ष्मम्मानं मला विचारलं. "कशाला आलात एवढ्या लांब?"

वाटंत मी सगळं जुळवून ठेवलं होतं. मावशी, ती हीच. तिनं पाणी नेलं होतं, पण उशीर झाला. माफ करा. एवढं सोपं होतं ते.

तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं...

"काही न्हाय मावशी. इकडं देवाला आलो हुतो. म्हणलं भेटून जावं. हिला आशीर्वाद द्या."

मला वाचा होती, दोस्तांनो. मला तर काहीच झालेलं नव्हतं.

लक्ष्मम्मानं अक्काच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला तसा ती थबकली. मान तिरकी केली, लांबचं काहीतरी ऐकल्यासारखी. वारा पडला होता. शेजारपाजारचाही काही आवाज येत नव्हता.

मग हळू आवाजात मला म्हणाली, "आत्ता ही बोलली ना?"

"न्हाय, मावशी."

"बोलली की. मी ऐकलं. फोनवरचाच आवाज."

काय ऐकलं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तिनं अक्काच्या डोक्यावरचा हात मात्र काढला नाही, आणि माझ्याकडं परत एकदाही बघितलं नाही.

मी बाहेर जाऊन गाडीत बसून राहिलो.