सात कुठे टाकायचा?

ही हकीकत मनानं रचलेली नाही. ज्यांच्या बाबतीत घडली ते आजोबा अजून आहेत, आणि रोज त्याच टेबलाशी जेवायला बसतात.

रविवार होता. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

अशा वेळी कोणी घाबरत नाही. आजोबाही घाबरले नव्हते.

त्यांची कॉलेजात जाणारी नात दोन मैत्रिणींबरोबर फाशांचा खेळ मांडून बसली होती. त्यात प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि गोष्ट खेळायची. चौथी मैत्रीण तापानं पडली, म्हणून नातीनं आजोबांना धरून बसवलं.

आजोबा मनातून सुखावले. एकसष्टाव्या वर्षी ते लिहा-वाचायला शिकले होते. शिकलेल्या पोरींच्या बरोबरीनं हातात कागद-पेन्सिल, म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हती.

नातीनं नियम सांगितला. चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान आकड्याचा सोडायचा, उरलेल्या तिन्हींची बेरीज मांडायची. असं सहा वेळा. मग ते आकडे सहा चौकटींत वाटायचे. ताकद, चपळाई, तग, बुद्धी, शहाणपण, छाप.

आजोबांना पडले सोळा, चौदा, तेरा, बारा, दहा... आणि एक सात.

"एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा," नात म्हणाली. "सोपं जातं."

माणूस लगेच आला. त्यांचा धाकटा भाऊ. जाऊन चौतीस वर्षं झाली होती. अंगानं रेडा, डोक्यानं मठ्ठ, असं आजोबाच घरभर सांगत आले होते.

ताकद, सोळा. बुद्धी, सात.

"बाबांचे मठ्ठकाका ना हे?" नात हसली.

आजोबाही हसले आणि पाणी प्यायला उठले.

परत आले तर...

बुद्धीची चौकट रिकामी होती.

खोडल्याची खूणसुद्धा नाही. सात खाली समासात जाऊन बसला होता. त्यांच्याच वळणाचा, पोट फुगलेला सात.

ते पोरींवर डाफरले. कोणी कागदाला हात लावला नव्हता. एक मैत्रीण म्हणाली, आजोबा, तुमचं पात्र रुसलंय.

त्यांनी पुन्हा लिहिला. पेन्सिल दाबून.

तेवढ्यात टेबलाखालून...

टक्. टक्.

पोरी फासा पडला म्हणून खाली वाकल्या. सगळे फासे वरच होते.

आजोबा वाकले नाहीत. तो आवाज त्या घरात फक्त त्यांना ठाऊक होता.

साबणाच्या कारखान्यात ते टाक्या धुणाऱ्यांचे मुकादम होते. आत उतरलेला माणूस पत्र्यावर दोनदा ठोकायचा. म्हणजे, मी ठीक आहे. वरच्यानं एकदा ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर मिळूनही आतल्यानं पुन्हा ठोकलं, तर बोलत बसायचं नाही. दोर ओढायचा.

त्यांनी कागदाकडे पाहिलं. बुद्धीची चौकट पुन्हा कोरी. सात समासात.

"आजोबा, सात कुठेतरी टाकावाच लागतो," नात म्हणाली. "तो ठेवून देता येत नाही."

आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग खाली मान घालून बोलले.

"तो मठ्ठ नव्हता गं. टाकीच्या झाकणावर पाटी होती. त्यानं वाचून दाखवली. आत वायू आहे, दोन तास उघडी ठेवा. मला वाचता येत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, शहाणपणा नको शिकवूस, उतर."

"मग?"

"'बरं दादा' म्हणाला आणि उतरला. त्यानं ठोकलं. मी रागात होतो, उत्तर दिलं नाही. परत ठोकलं... मग थांबला."

चौकशीला आलेल्या साहेबांना त्यांनी सांगितलं होतं, भावाला अक्कल कमी, सांगितलेलं समजायचं नाही. साहेबांनी तसंच लिहून घेतलं. खाली आजोबांचा अंगठा.

नातीनं कोरा कागद पुढे सरकवला. आजोबांनी वर स्वतःचं नाव लिहिलं आणि शहाणपणाच्या चौकटीत सात टाकला.

तो तिथेच राहिला.

नातीनं त्यांच्याकडे न बघता फासे गोळा केले. तिच्या तोंडी मठ्ठकाका हा शब्द पुन्हा आला नाही. पण जेवताना ती आता आजोबांच्या शेजारची खुर्ची घेत नाही. आजोबा तिला बस म्हणत नाहीत. कोणत्या तोंडानं म्हणणार?

त्या दिवशी पोरी गेल्यावर त्यांनी टेबलावर एकदा ठोकलं. चौतीस वर्षांनी उत्तर दिलं.

घर शांत झालं. त्यांना वाटलं, पोचलं.

आणि मग...

टक्. टक्.

तेव्हापासून दर रविवारी साडेतीनला हेच होतं. ते उत्तर देतात. खालून पुन्हा ठोकलं जातं.

आजोबा गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हात घालतात, चाचपडत राहतात.

दोर कधीच सापडत नाही.