इंजिनाची पिवळी पाचर

"ऊठ ना एजाज! इंजिन निघून जाईन अन् तू भजेच खात बसशीन!" अनमने मावसभावाच्या पाठीत गुद्दा घातला.

"जाऊ दे गं! मी रोजच बघतो इंजिनं," कुर्ल्याहून दिवाळीच्या सुट्टीत आलेला एजाज तोंडातला घास न गिळताच बोलला.

"आमी कुठं पायतो? शेलूबाजारात रेल्वे हाये का?" शेजारच्या बाकावरून अनमची मैत्रीण साधना उसळली.

खरंच होतं ते. कालपासून अनमचा पाय घरात ठरत नव्हता. दोघांची खाला, म्हणजे मावशी, लतीफा हिच्या भज्यांच्या हॉटेलासमोर, हायवेच्या कडेला, खूप चाकांचा एक लांबलचक ट्रेलर येऊन थांबला होता. त्यावर ताडपत्री पांघरून बसलं होतं रेल्वेचं अख्खं इंजिन!

"मुंबईला चाललंय ते. आमच्या लोकलच्या कारशेडला," एजाजने कालच ड्रायव्हरकडून माहिती काढली होती.

"म्हणजे लोकल ओढणार हे?"

"हॅ! लोकलला इंजिन नसतंच मुळी. तिच्या डब्यांखालीच मोटारी असतात. पण एखादी लोकल बंद पडली, की हे तिला शेडमध्ये ओढून नेणार."

"हात् तिच्या! लोकलचा ट्रॅक्टरच म्हण ना!" साधना म्हणाली, आणि तिघंही खदखदून हसली.

हसता हसता अनम एकदम थांबली. तिने हातातलं भजं नाकाजवळ नेलं.

"खाला, आज भज्याले रंगाचा वास काहून येऊन राह्यला?"

"वास तुह्या नाकात हाये! गुमान खाय," लतीफाखाला गिऱ्हाइकांच्या गर्दीत होती.

पण अनमला चैन कसलं पडतंय! ती मागच्या चुलीपाशी गेली. चुलीत एक जाडजूड लाकूड धुमसत होतं. एका टोकाला निमुळतं, आणि अंगावर पिवळाधमक तेलरंग. जाळाने त्या रंगाला फोड येत होते.

"गंगूमावशी, हे लाकूड कुठलं?"

"सडकेच्या काठाले पडेल होते चार-पाच," चुलीशी बसलेली गंगू म्हणाली. "सागाचे हायेत, मस्त जळतात! हा शेवटचाच राह्यला."

काल ताडपत्री वाऱ्याने उडाली, तेव्हा इंजिनाच्या चाकांपाशी असाच पिवळा रंग तिने पाहिला होता. तिने चिमट्याने लाकूड ओढलं आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. फस्सकन वाफ उठली.

"अवं पोरी, भजे कच्चे राह्यतीन ना!" गंगू ओरडली. तोवर अनम लाकूड घेऊन बाहेर पोचलीसुद्धा.

ट्रेलरची माणसं हॉटेलात नाश्त्याला बसली होती. तिघांनी वाकून ताडपत्रीची कड उचलली. इंजिन ट्रेलरवर ठोकलेल्या रुळांवर उभं होतं. मागच्या चाकांना मागून पिवळ्या पाचरी लावलेल्या होत्या. पुढच्या चाकांना मात्र एकही नव्हती!

"अनम, इकडं पाय," साधना कुजबुजली. "रूळ सारा गंजेल हाये, अन् चाकाजोळ एवढासाच पट्टा चकचकीत."

वीतभर पट्टा. एजाजचा चेहरा उतरला. "सकाळी सोयाबीनच्या ट्रॅक्टरांना वाट द्यायला ट्रेलर जरासा हलवला होता. तेवढ्यात इंजिन वीतभर पुढे घसरलंय!"

अनमने समोर पाहिलं. हायवे थोडा पुढे जाऊन उताराला लागत होता, आणि उताराच्या पायथ्याशी आज आठवडी बाजार भरला होता. भाजीच्या पाट्या, बांगड्यांची दुकानं, पाळण्यात बसलेली लेकरं...

इंजिनाची जबाबदारी सतीश नावाच्या सुपरवायझरवर होती. तो जीपमध्ये फोनवर बोलत होता. "हो सर, आज निघतोच! बस्स, लाइन बंद झाली की..."

"साहेब, पुढच्या चाकांच्या पाचरी गायब हायेत!"

"ए, पळा इथून! काल मी स्वतः सगळं तपासलंय!" त्याने काच वर केली.

"आता?" एजाजने डोकं खाजवलं.

अनम जागच्या जागी येरझाऱ्या घालत होती. अचानक तिची नजर वर गेली. रस्त्यावरून विजेच्या तारा आडव्या गेल्या होत्या. इंजिन एवढं उंच, की वीज बंद करून तारा बांबूने उचलल्याशिवाय ते खालून जाणारच नव्हतं!

"बेबीताई!" ती किंचाळली. "लाइन बेबीताईच्या हातात हाये! चला!"

तिघं वाऱ्यासारखी धावली. उताराच्या तोंडाशी, विजेच्या डीपीजवळ, वायरमन बेबीताई हातमोजे चढवत होती.

"बेबीताई, लाइन बंद नोको करू!"

"काहून? तुमचा कार्टूनचा टाइम हाये का?"

अनमने धापा टाकत सगळं सांगितलं आणि ते अर्धवट जळकं लाकूड पुढे केलं. बेबीताईने ते उलटसुलट पाहिलं.

"हे भेटलं कुठं तुले?"

अनमने मागे हॉटेलाकडे पाहिलं. खालाचं नाव घेतलं, तर चोरीचा आळ हॉटेलावर येणार. न घ्यावं, तर बेबीताईने विश्वास तरी कसा ठेवावा? खाली बाजारात पिपाणी वाजत होती.

"लतीफाखालाच्या चुलीत," ती हळूच म्हणाली.

बेबीताईने हातमोजे काढले आणि फोन लावला. "सतीशसाहेब, लाइन बंद होत नाही. तुमी इकडं या, मंग पाहू."

सतीश तणतणतच आला. पाचर पाहताच कडाडला, "चोरी! पोलिसांत देतो त्या हॉटेलवालीला!"

"द्या ना!" मागून आवाज आला. गंगूकडून सारं कळून लतीफाखाला पदर खोचून तिथवर आली होती. "माह्या चुलीत जळलं, ते मी कबूल करतो. पण सडकेवर कोणं फेकलं होतं, तेबी पोलिसाईले सांगजा!"

सगळ्यांनी सतीशमागोमाग आलेल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, काल साखळ्या आवळायला आपल्या पोरांनी पुढच्या पाचरी काढून रस्त्याकडेला ठेवल्या होत्या. तुम्ही म्हणालात, मग लावू. त्या राहूनच गेल्या."

सतीश तडक हॉटेलासमोर परतला आणि ट्रेलरवर चढला. ताडपत्रीखाली त्याचं डोकं बराच वेळ होतं. बाहेर आलं, तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने उताराकडे पाहिलं, मग बाजाराकडे, आणि मटकन ट्रेलरच्या कडेवर बसला.

"हे उतारावर सुटलं असतं..." तो पुटपुटला.

मग एकच धावपळ उडाली! गावातल्या सुताराने बाभळीच्या नव्या पाचरी तासल्या. क्रेन बोलावून इंजिन जागेवर सरकवलं. साखळ्या पुन्हा आवळल्या. या वेळी सतीशने प्रत्येक पाचरीवर स्वतः हातोडा मारून पाहिला, आणि अनमला वर बोलावून म्हणाला, "बाळ, तूही एकदा बघून घे. मी चूक केली. तुम्ही तिघं नसतात, तर आज मी कुणाला तोंड दाखवलं असतं?"

"वायरमनच्या नोकरीत अशी पोरगी पायजे!" बेबीताईने अनमच्या पाठीवर थाप मारली, आणि लाइन बंद करायला निघाली.

अनम मात्र लतीफाखालाच्या नजरेला नजर देत नव्हती. "खाला, मले तुहं नाव घ्या लागलं..."

"घेतलं ते बेस केलं!" खालाने तिला जवळ ओढलं. "गंगूची माय बाजारात वांगे विकून राह्यली, बेटा. माह्या नावाचं काय घेऊन बसली!"

उन्हं कलता कलता बांबूंनी तारा उचलल्या गेल्या. इंजिन त्यांच्याखालून अंगुळ-अंगुळ पुढे सरकलं. बाजारातली माणसं कडेला उभी होती. उतारावर ट्रेलरचे ब्रेक करकरले, तशी अनमने साधनाचा हात एवढा दाबला, की ती ओरडली, "अवं, तुटला ना!"

इंजिन हललं नाही. ट्रेलर पायथ्याशी पोचला, वळला आणि वळणावरच्या झाडांआड गेला. अनमने सकाळपासून पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.