सोबतीण कुणाची?

त्याच्या कचेरीच्या दारातच दोघांची टक्कर झाली आणि तिचे कागद त्याच्या पायांशी पसरले. तो वाकला, तीही वाकली... नजरा भिडल्या, तशी ती फणकारली, "पाय उचला आधी! तीन वर्षांची मेहनत तुडवताय."

पोरगी सॉफ्टवेअर बनवणारी, जीभ सुरीसारखी. तो नावं तपासणारा – दुसऱ्याच्या मालकीचं नाव कुणी उचललंय का, ते बघून सही देणारा. एकट्या म्हाताऱ्या माणसांशी दिवसभर बोलणारं तिचं सॉफ्टवेअर उद्या बाजारात यायचं होतं. नाव 'सोबतीण'. सही तेवढी अडली होती.

"कॉम्प्युटरवर हे नाव कुणाचंच नाही. मी पाहिलंय," ती म्हणाली.

"कानालाही विचारावं लागतं," म्हणत त्याने डोळे मिटले. "सोबतीण..."

"ओ," आतल्या खोलीतून आवाज आला. बाईचा. थकलेला.

"आत कोण आहे?"

"जुन्या फायली." तो खाली बघत म्हणाला, "नुसत्या फायली."

ती तरातरा आत गेली. चिटपाखरू नव्हतं. वारा नव्हता, तरी एक फाइल उघडी. 'सोबतीण कंदील', मालकिणीचा फोटो, खाली शेरा – मयत, चाळीस वर्षांपूर्वीचा. खोलीभर रॉकेलचा ताजा वास. तोही मागोमाग आत आला होता. त्याची बाही आपण कधी धरली, हे तिलाही कळलं नाही. त्यानेही सोडवली नाही.

"मेल्यावर कसला आलाय हक्क?" बाही न सोडताच ती म्हणाली.

"कायद्याने नाहीच. म्हणाल तर सही करतो. पण तुमची म्हातारी माणसं रिकाम्या घरात 'सोबतीण' म्हणून हाक मारतील... आणि ओ कोण देईल?"

तिने पेन ओढून नाव खोडलं. "दुसरं सुचवा. तोंड काय बघताय?"

दुपार उलटली. अकरा नावं मोठ्याने म्हणून झाली. कधी आतून खोकला, कधी "आले हं". मग तो हळूच म्हणाला, "विचारपूस." तीनदा म्हणाला. आत चिडीचूप.

त्याने सही केली, पण कागद काही सोडवेना. "आता तुम्ही इकडे कशाला याल..."

"पुढच्या कामालाही नाव लागेलच की."

"केव्हा?"

"उद्या." ती लाजली, आणि लाजल्याचाच राग येऊन म्हणाली, "मी यावंसं वाटतं का नाही, ते तोंडाने बोला!"

"वाटतं... फार वाटतं."

आत कुणीतरी हसू दाबलं.

"तुम्ही गप्प बसा हो, आजी!" दोघांनी एकदमच त्या रिकाम्या खोलीला दटावलं.