विम्याचं स्थळ

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीची लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली, तेव्हा आत मी होते, माझी लेक मैत्रेयी होती, तिच्या कुशीत शालीत गुंडाळलेली अडीच महिन्यांची कादंबरी होती, आणि कोपऱ्यात मटारची पिशवी छातीशी धरून उभा असलेला एक पुणेकर. बाहेर जानेवारीचं धुकं, आत एक मरतुकडा पिवळा दिवा.

"अभिनंदन," तो मैत्रेयीला म्हणाला. "डिलिव्हरी... नॉर्मल?"

"एकदम. फरीदाबादच्या संस्थेतून आत्ताच आणली. वाटेत ट्रॅफिक लागला तेवढाच त्रास."

त्याला उलगडायला थोडा वेळ लागला. दत्तक म्हटलं की लोक एकतर गप्प होतात, नाहीतर 'केवढं पुण्याचं काम' म्हणून मान डोलावतात. हा नुसता हसला. वाकून बाळाकडे बघत म्हणाला, "डोळे मात्र तुमच्यावर गेलेत. समोरच्याला परेडला उभं करणारे."

मैत्रेयीचे कान लाल झाले. सैन्यात मेजर आहे माझी लेक. तिला लाल झालेली मी दहावीच्या निकालानंतर आज पाहत होते.

"द्या, मी धरतो जरा. हात भरून आला असेल तुमचा."

"हात धुतलेत का?" मी विचारलं.

"काकू, आत्ताच भाजी घेऊन..."

"मग भाजीच धरा."

लिफ्ट पुन्हा सुरू होईपर्यंत कळलं, त्याचं नाव सुयश. नोएडाला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आमच्याच पाचव्या मजल्यावर एकटाच राहायचा. मग काय, रविवारी आम्ही गच्चीवर उन्हात बसलो की याचंही ऊन तिथंच पडायचं. माझं लक्ष विणकामावर होतं असं त्या दोघांना वाटत असे.

तेवढ्यात कादंबरीच्या जांघेत हर्नियाची गाठ निघाली. जिवाला धोका नव्हता, पण ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टर म्हणाले. लष्कराच्या इस्पितळात सगळं झालं असतं. फक्त तिचं नाव मैत्रेयीच्या कार्डावर चढायला हवं, आणि ते चढायला दत्तकाचा हुकूम यायला हवा. तोवर पोरगी घरात आमची आणि सरकारात पाहुणी.

"खाजगीत करून टाकू," मी म्हटलं.

"मी बाबांच्या कार्डावर वाढले, आई. ती माझ्या कार्डावर वाढेल. हक्क आहे तिचा. डॉक्टर म्हणाले थांबू नका, तर त्या दिवशी खाजगीत नेईन. तोवर थांबते."

हा ताठा बापाचा. लोक माझा म्हणतात, म्हणू देत.

पुढच्या रविवारी सुयश गच्चीवर आला तो संत्रं सोलत, पण खाईना. "माझ्या कंपनीच्या विम्यात बायको बसते," तो म्हणाला. "बायकोचं मूलही. दत्तक असलं तरी पहिल्या दिवसापासून. एचआरला विचारून आलोय."

"अच्छा. आणि बायको कुठाय?" मैत्रेयीनं विचारलं.

"तीच तर अडचण आहे..." संत्र्याच्या फोडीचा दोरा ओढत तो म्हणाला, "म्हटलं, तुम्हाला जमत असेल... तर."

जमिनीची स्थळं पाहिली, नोकरीची पाहिली. विम्याचं स्थळ मी पहिल्यांदाच बघत होते. हसू ओठावर आलं होतं, पण मैत्रेयीचा चेहरा पाहून गिळलं.

"नाही, सुयश," ती हळूच म्हणाली. बाळाला उचलून खाली निघून गेली.

तो तसाच, हातात फोड धरून.

"अहो शहाणे," मी म्हटलं, "एचआरला विचारलंत, कायद्याला विचारलंत का? तिनं एकटी बाई म्हणून अर्ज केलाय. हुकूम यायच्या आत लग्न केलं तर सगळं पहिल्यापासून. जोडप्याला म्हणे आधी दोन वर्षं संसार करून दाखवावा लागतो. तोवर ही पोर कुणाच्या घरी जायची?"

त्याचा चेहरा उतरला. मग हळूहळू काहीतरी उजळलं. "म्हणजे ती नाही म्हणाली, ते..."

"ते तुमचं तुम्ही शोधा. मी काय तुमची एचआर आहे?"

तेव्हापासून तो गच्चीवर येईना. पण सकाळी दाराच्या कडीला पिशवी लटकलेली असे. सोललेले मटार. बेल नाही, चिठ्ठी नाही. मैत्रेयी पिशवी आत आणायची आणि उसळ दोनदा वाढून घ्यायची. लिफ्टमध्ये भेटले तर दोघं दोन कोपऱ्यांत.

"थंडी आहे ना..."

"आहे."

एवढ्यावर पाच मजले. मी मधे उभी. मटार खाऊन खाऊन माझं पोट बिघडलं, पण बोलले नाही.

सावरीला लाल फुलं आली तेव्हा हुकूम आला. मागोमाग कार्डावर नाव चढलं, आणि छावणीतल्या इस्पितळात ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच कादंबरीनं असा टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरचं बाळ आपलं रडणं विसरलं. मैत्रेयी तिला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या घालत होती, तेव्हा सुयश आला. रिकाम्या हातानं.

"आज मटार नाहीत?" मी विचारलं.

"सीझन संपला, काकू."

"सगळं कार्डावर झालं," मैत्रेयी म्हणाली. तिच्याकडे बघवत नव्हतं त्याला, आणि नजर काढवतही नव्हती. "आता तुमच्या कंपनीचं काही काम उरलं नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर आलो. आता माझ्याकडे काही कारणच नाही... तरी विचारतोय."

ती कितीतरी वेळ बाळाची शाल सारखी करत राहिली. सारखीच होती ती.

"त्या दिवशी नाही म्हणताना किती जड गेलं, कळतं का तुम्हाला?"

"मटार सोलताना कळलं. थोडं थोडं."

"एक अट आहे," ती म्हणाली, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू. "तुमच्या विम्यात सासू बसते का? हिच्या जिभेनं रोज कुणीतरी जखमी होतं."

"तेवढा मोठा विमा अजून निघाला नाही," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून लगेच एक पाऊल मागे सरला.

कादंबरी पुन्हा कुरकुरली. त्याचे हात आपसूक पुढे झाले, मग अर्ध्यात थबकले. तो माझ्याकडे बघत राहिला.

"हात धुतलेत का?"

"गेटवर एकदा. आत्ता बाहेर पुन्हा."

"मग बघतोस काय? घे."

त्याच्या खांद्यावर पोर गप्प झाली. मैत्रेयीचे कान पुन्हा लाल झाले होते.