आठ दिवसांचं भिंग

सावळाराम फोटोवाल्याला पुण्याच्या दुकानदारानं ते जर्मन भिंग आठ दिवसांच्या बोलीवर दिलं होतं. लावून बघा, पटलं तर ठेवा, न्हायतर आठव्या दिवशी सकाळच्या मोटारीनं परत. भिंग कसलं, आमटीच्या वाटीएवढी जाड काच ती. आत बघितलं की आपलंच तोंड उलटं होऊन खाली बुडताना दिसायचं. जुन्या भिंगाला चार आकडे मोजावे लागत. हे म्हणे पापणी लवायच्या आत काम उरकतं.

म्हणे! सावळारामचा दुकानदारांच्या म्हणण्यावर काडीचा भरवसा नव्हता. पण निरवांगीच्या रतननं त्याचं डोकं खाल्लं होतं.

बारामतीत कऱ्हेच्या अंगाला त्याचं दुकान. मागं उघडी पडवी, वर उजेड गाळायला पांढरं कापड ताणलेलं. तिथं रतन तिच्या पोरीला घेऊन आली होती आणि मिळालेला फोटो परत त्याच्याच पुढ्यात आपटला होता.

"हे काय ओ तात्या? झबलं माझ्या पोरीचं हाय. तोंडाच्या जागी ह्यो पिठाचा गोळा कुनाचा?"

"पोरगी हाय का भिंगरी? चार आकडे दम धरंना."

आतून त्याची बायको, प्रयागबाई, ओरडली, "तुमाला तरी कुठं दम निघतोय चार आकडे!"

रतन हसली नाही. तिची आधीची दोन गेलेली. म्हाळसा सव्वा वर्षाची होऊन गेली, भीमा तर दात यायच्या आत. म्हणून तिसरीला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवली, शेजारणीनं उचलून दिली आणि नाव ठेवलं धोंडा. धोंड्याला कोण नेतंय?

"म्हाळसाचं नाक कसं व्हतं ते आठवाय बसले तर आठवत न्हाय," रतन म्हणाली. "हिचं तरी तोंड कागदावर ऱ्हाऊ द्या."

ती पंधरा दिवसांसाठी बारामतीतच बहिणीकडं उतरली होती. सावळारामनं भिंग मागवलं ते ह्या बोलण्यापायी. वर तोंडानं मात्र म्हणाला, "बघू, बघू. रडू नगं."

भिंग आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं कॅमेऱ्याची पुढची फळी काढली, नव्या भिंगाची बसवली आणि धोंडाला चटईवर बसवलं. पोरीच्या डाव्या गालावर काजळाची मोठी तीट होती. कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेत बघत त्यानं बरोबर त्या तिटेवर नेम धरला. भिंगाची झडप टिचकीसारखी वाजली.

फोटोची काच धुतली, उन्हात कागदावर छापली. चटईची काडी न काडी मोजून घ्यावी. पोरीला कडेनं धरून बसलेल्या रतनच्या बांगडीवरची चीर दिसत होती. आणि तोंड? पिठाचा गोळा.

सावळारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं फडकं भिंतीवर हाणलं.

"भिंगावर राग कशापायी?" प्रयागबाई म्हणाली. "हात हालला आसंल तुमचा."

"कॅमेरा तिकाटण्यावर हाय! माझा हात काय करतोय?"

पण माणूस हट्टी. तिसऱ्या दिवशी त्यानं पडवीतल्या मातीत उसाची नऊ कांडी एकामागं एक, हातभर अंतरानं रोवली. प्रत्येकावर आकड्याची चिठ्ठी डकवली आणि पाचव्यावर नेम धरला. छापून बघतो तर पाचवं कांडं असं उतरलं होतं की त्याच्यावरची मुंगीसुद्धा दिसावी. चौथं-सहावं जरा मऊ, पहिलं-नववं धूर. पुरत्या उघड्या भिंगानं असंच करायला पाहिजे, नेमावरचं तेवढं धरायचं, बाकीचं सोडायचं. भिंगात खोट नव्हती.

चौथ्या दिवशी पुन्हा धोंडा. ह्या खेपेला तर पोरगी गूळ चोखत गप बसली होती. तरी गोळाच.

आता मात्र तो कावला. घड्याळजीकडून डोळ्याला लावायची काच मागून आणली आणि फोटोतल्या त्या गोळ्यात नाक खुपसून बसला.

तोंड हाललेलं नव्हतं.

हाललेल्या तोंडाच्या रेघा एका बाजूला ओढल्या जातात. इथं तसं नव्हतं. पापण्या होत्या, पण फार होत्या. एका ओठावर दुसरा ओठ. आणि काळे ठिपके तीन. एक डाव्या गालावर, एक कपाळाच्या मधोमध, एक हनुवटीवर.

काचेवर धूळ बसली असंल. त्यानं भिंग आतून-बाहेरून मलमलीनं पुसलं. मग रतनच्या बहिणीकडं जाऊन तिला विचारलं, "तीट कुठं कुठं लावली व्हतीस?"

"हिला गालावर. एकच. म्हाळसाला कपाळावर लावायचे, ती लागू पडली न्हाय. का ओ?"

"काय न्हाय. धूळ हाय."

सहाव्या दिवशी ती आली तेव्हा त्यानं तिला बसूच दिलं नाही. "आधी ती तीट पूस."

रतननं पोरीला छातीशी धरलं. "न्हाय तात्या. एवढं नगं."

"काळा डाग भिंगाला नडतोय. दोन दिवसांनी भिंग चाललं पुन्याला. मग ने गोळा, आन् बस बघत!"

तिनं पोरीचं तोंड आपल्याकडं वळवलं. मग पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि गाल पुसला.

झडप वाजली.

ह्या खेपेला तोंड उतरलं. एकच तोंड. पापणीचा केस न केस, खालच्या ओठावर थुंकीचा थेंब. सावळाराम एकटाच पडवीत मोठ्यानं हसला. मग त्याचं हसू थांबलं.

गाल स्वच्छ होता. कपाळाच्या मधोमध गोल, ठसठशीत तीट होती.

रतननं फोटो हातात घेतला. नाकावरून एक बोट हळूच फिरवलं.

"आसं व्हतं, व्हय," ती म्हणाली.

"काय आसं व्हतं?"

तिनं फोटो पदरात बांधला. प्रयागबाई खडीसाखर घेऊन दारात आली होती. "धोंडे, ये. ये गं."

पोरीनं वळून बघितलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी भिंग खोक्यात भरून सुतळी बांधून झाली होती, मोटार चौकात उभी होती, आणि रतन आली.

"आजून एक काढा. मी आज जातीया निरवांगीला."

"भिंग बांधलं आता. जुन्यानं पोर हालंल."

"न्हाय हालत."

त्यानं वैतागून जुनी फळी बसवली. पोरगी चटईवर बसली. हात मांडीवर, नजर भिंगात. एक, दोन, तीन, चार. ती हालली नाही. तो उगीच मोजत राहिला. नऊ, दहा, अकरा. पापणीसुद्धा नाही.

तीट कपाळावर होती.

"गालावर लावायचीस न्हवं तू?"

"ती धोंडाला," रतन म्हणाली. शेजारच्या घरातल्या पोरीचं सांगावं, तसं.

तिनं झबलं नीट केलं, पोरीला उचललं आणि गेली. चौकात मोटारीचा भोंगा वाजला. सावळारामनं चिठ्ठी खरडली, 'भिंग उत्तम आहे. गरज उरली नाही,' आणि खोकं ड्रायव्हरच्या हातात दिलं.

मग येऊन काच धुतली. दुपारी उन्हात छापली.

पोरगी लख्ख आली होती. दगडात कोरल्यासारखी.

चटईच्या कडेला, तिच्या डाव्या हाताशी, एक बारकी पुसट आकृती होती. पिठाच्या गोळ्याएवढं तोंड, चार आकडे दम न धरलेलं. डाव्या गालाच्या जागी काळं काहीतरी फराटलेलं.

सावळारामनं घड्याळजीची काच डोळ्याला लावली. किती जवळ नेलं तरी नाक दिसेना.

आणि ते हालतं तोंड धरणारं भिंग आता पुण्याच्या वाटेवर होतं.